मेरेसेनी बूबू थांबायची त्या जागा

इलियासा, तो तानोआ जरा इकडे सरकव. एवढा धिप्पाड गडी, रग्बीत तिघांना अंगावर घेऊन पळतोस, आणि लाकडाचं एक भांडं सरकवताना मनगट दुखतं होय रे? हं. आता यांगोनाच्या मुळांची पूड नीट घोळ. पाणी जास्त नको. मागच्या शुक्रवारी तू जे पाजलंस त्याने फक्त लघवी झाली, जीभ काही बधिर झाली नाही.

आणि प्रीतिका, तू अशी दाराजवळ नको बसूस. लंबासाची माणसं शूर असतात असं लंबासाची माणसंच सांगतात. आत ये. तुला नोकरीला लागून तीन आठवडे झाले, आणि परवा तू जो प्रश्न विचारलास त्यावर अख्ख्या अभिलेखागाराने विषय बदलला. तिसऱ्या मजल्यावर फिती ऐकायची खोली आहे, तिथे हेडफोन एकच, यंत्र एकच, मग खुर्च्या समोरासमोर दोन कशाला? आणि दुसऱ्या खुर्चीवर कुणी बसत का नाही, साधी पिशवीसुद्धा का ठेवत नाही?

सांगतो. पण एक अट आहे. मी थांबलो की तुम्ही ‘ईयो’ म्हणायचं. हो म्हणायचं, एवढंच. ज्या गावची ही गोष्ट आहे त्या गावची ती रीत आहे. सांगणारा एकटा कधी सांगत नाही. समोर एक जण बसतो आणि दर थांब्याला ‘ईयो’ म्हणतो. तो म्हणत नाही तोवर सांगणारा पुढे सरकत नाही, मग भात करपो नाहीतर भरती येवो.

म्हणा.

काय रे, एवढ्याशा आवाजात? असो. रात्र वाढली की आपोआप मोठ्याने म्हणाल.

गोष्ट वासिसेवाची. ही तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, आपल्याकडे अर्धवेळ कामाला. आई कंडावू बेटाच्या नुकुतांबुआ गावची, पण पोरगी वाढली इथे सुवात, मावशीकडे. गावाला गेली असेल दोनदा-तीनदा, तेही नाताळात. गोड पोर, हाताला चपळ, आणि माझ्या थट्टेला उलट उत्तर देणारी या इमारतीतली एकटीच. मी तिला पुस्तकांच्या लिफ्टमधून घाबरवायचो. ती छोटी लिफ्ट आहे ना, तळघरातून वर पुस्तकं नेते ती? तिच्या बोगद्यात तोंड घालून मी खालून म्हणायचो, “पुस्तक परत कराऽऽ... बारा वर्षं झालीऽऽ...” पहिल्या दिवशी किंचाळली. दुसऱ्या दिवशी तिने वरून बादलीभर पाणी सोडलं. तेव्हापासून आमची मैत्री.

काम साधं होतं. नुकुतांबुआच्या मेरेसेनी बूबूची, म्हणजे मेरेसेनी आजीची, एक जुनी फीत संगणकावर उतरवायची. त्या फितीत बूबू आपल्या गावाची सगळी कहाणी सांगते. कोण कुठून आलं, कुठला ओढा कुणाचा, कुठल्या दगडाशी कुणी काय शपथ घेतली. आपले इसिरेली मास्तर १९८६ साली गावात जाऊन ती भरून आले होते. मास्तर पुढे वारले. बूबू टिकली. ती गेली २०१९च्या मार्चमध्ये, आठ तारखेला, एक्क्याण्णव वर्षांची होऊन.

गावाने ठरवलं, शंभराव्या रात्री सुतक सुटेल तेव्हा सगळ्यांनी बसून बूबूच्या तोंडून कहाणी ऐकायची. शंभरावी रात्र म्हणजे शनिवार, पंधरा जून. मग काय, वासिसेवाने मे महिन्यातच काम हातात घेतलं. फीत इतकी जुनी झालेली की एकदाच धड चालली. दुसऱ्यांदा लावली तर तिच्यावरचा लेप गळून यंत्रात तपकिरी भुगा पडला. पण एकदा चालली होती, संगणकावर उतरली होती. मोठ्या बाई, म्हणजे तेव्हाच्या प्रमुख, खूश.

आणि इथे पोरीने चपळाई केली.

फीत होती सव्वादोन तासांची. पेटीवर मास्तरांच्या हातचं पेन्सिलीने लिहिलेलंच होतं. पण त्यात बूबू सारखी थांबायची. एक वाक्य बोलायची, मग गप्प. पुन्हा एक वाक्य, पुन्हा गप्प. वासिसेवाला वाटलं, म्हातारी आहे, दम लागत असेल. संगणकाला सांगितलं की गप्प जागा काढून टाक. त्याने दोन मिनिटांत काढल्या. एक तास वीस मिनिटांत सगळं बोलणं बसलं. सुबक. आणि जुन्यावरच नवं साठवलं. जुनं गेलं.

आता आपली ती एक पानी ‘ग्रंथालय वार्ता’ तुम्हाला ठाऊक आहे. कोण निवृत्त झालं, कुणाला बाळ झालं, कुठल्या विद्यार्थ्याने काय पराक्रम केला. तेव्हा ती फळ्यांवर लावायचं काम माझं. मी सहावी नापास माणूस, पण छापखान्यातल्या पोराशी माझी दोस्ती होती, म्हणून कधी कधी त्यात एखादी ओळ माझीही असायची. मोठ्या बाईंना लॉटरीत डुक्कर लागलं ही बातमी माझीच. तीस माणसं जेवायला आली होती. हसू नका, त्यांनी खरंच डुक्कर आणलं शेवटी.

पण जूनची बातमी माझी नव्हती. ती खरी होती. “विद्यार्थी वार्ता : वासिसेवाने सव्वादोन तासांची फीत काटछाट करून एक तास वीस मिनिटांत बसवली. अभिनंदन.”

ते पान बूबूच्या एका पुतण्याच्या हाती पडलं. तो सुवात बस चालवतो. तिथून ते गेलं बूबूच्या धाकट्या भावाकडे, पेनीआसी आजोबांकडे. आणि शुक्रवारी, चौदा जूनला, दुपारी तीन वाजता पेनीआसी आजोबा अभिलेखागारात आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोनाची मुळं समोर ठेवली, रीतीप्रमाणे जमिनीवर मांडी घातली. मोठ्या बाई आणि वासिसेवाही खाली बसल्या. मी दारात होतो, म्हणजे ऐकत होतो.

आजोबा म्हणाले, “पोरी, छान केलंस म्हणे. अर्धी फीत काढलीस. कुठली अर्धी?”

“बोलणं सगळं आहे, तूकाई. फक्त रिकामं काढलं.” तूकाई म्हणजे आजोबा.

“रिकामं?”

“जिथे कुणी बोलत नव्हतं, ते.”

आजोबांनी मुळांवरचं वर्तमानपत्र सरळ केलं. मग म्हणाले, “मास्तरांनी फीत भरली तेव्हा एपेली जाऊन चार महिने झाले होते. एपेली म्हणजे तिचा नवरा. चाळीस वर्षं तोच तिच्यासमोर बसून ‘ईयो’ म्हणायचा. गावाने म्हटलं, आता दुसरं कुणी बसवू. ती म्हणाली, नको. मी थांबेन, तो म्हणेल.”

वासिसेवाचा चेहरा असा झाला, जशी ही भिंत.

“मी... परत घालते त्या जागा, तूकाई. कापलेला वेळ सगळीकडे सारखा वाटून...”

“माझ्या बहिणीचं थांबणं मी लहानपणापासून ऐकलंय. कुठे एक श्वास, कुठे हंडा भरेल एवढं. चुकलं तर मला कळेल, गावाला कळेल. उत्तर न ऐकता पुढे धावणारी बाई आमची नव्हे. तशी फीत आम्ही लावणार नाही. मग आमच्या गावच्या इथल्या सगळ्या फितीही आम्ही घरी नेऊ.” आणि उठता उठता एवढंच बोलले, “तू आमची भाची, म्हणून रागावत नाही. उद्या सकाळी सहाची बोट आहे. धक्क्यावर येतो.”

भाचीला आईच्या गावात काय मान असतो हे इलियासाला विचार. हवं ते उचलावं, कुणी ब्र काढत नाही. आणि त्याच गावाच्या आजीचं तोंड भाचीने दाबलं. फीत धड गेली नसती, तर त्या पोरीने त्या गावात पुन्हा पाऊल कसं टाकलं असतं? आईने तरी कसं टाकलं असतं?

म्हणा, ईयो.

बरं. संध्याकाळी सहाला सगळे गेले. मीही गेलो, नौसोरीच्या बसने. वासिसेवा एकटी तिसऱ्या मजल्यावर. खोलीला खिडकी नाही, भिंतींना जाड गाद्या, दार लावलं की फुस्स होतं आणि बाहेरचं जग संपतं. थंडी तर अशी की जूनमध्ये स्वेटर घालावा लागतो. समोर संगणक, कानांवर हेडफोन. टेबलापलीकडे एक मोडकी खुर्ची, तिच्यावर पेट्या रचलेल्या. माईक नव्हता. हे लक्षात ठेवा. त्या खोलीत तेव्हा माईक नव्हताच.

साडेअकरापर्यंत तिने जोड शोधले. जिथे जिथे संगणकाने कापलं होतं त्या जागा. दोनशे अकरा.

मग पहिल्या जोडावर गेली. किती सेकंद घालायचे कळेना. म्हणून मिनिटभराची कोरी पट्टी घातली, म्हटलं नंतर कापू. कोरी म्हणजे कोरी. पडद्यावर सरळ रेघ. आवाजाचा कणही नाही.

ऐकायला लागली.

बूबू म्हणाली, “आमचा पहिला माणूस पूर्वेकडून आला.”

मग कोरी पट्टी. चार सेकंद. आठ. अकरा.

“ईयो.”

पुरुषाचा आवाज. म्हातारा. हळू.

तिने हेडफोन काढले. खोलीत शांतता. पडद्यावर बघितलं तर सरळ रेघेवर एक बारीक उंचवटा, जसा वाळूखालून खेकडा सरकतो तसा.

ती हसली. खरंच हसली, तिनेच मला सांगितलं. म्हणाली, “बिसेसरचाचा! कुठून करताय हे? लिफ्टमध्ये आहात ना?” बाहेर गेली, लिफ्टच्या बोगद्यात वाकून बघितलं. अंधार. मग मला फोन लावला. पावणेबारा वाजले होते.

“चाचा, पुरे झालं. आज नको. आज माझ्यावर वेळ आलीय.”

“काय पुरे? मी नौसोरीत आहे. अंथरुणात.”

“खोटं.”

माझ्या हातून फोन सुभागीने ओढला. माझी बायको. ती म्हणाली, “वासिसेवा, हा मेला नऊ वाजल्यापासून इथे घोरतोय. तुला हवा असेल तर घेऊन जा, मला झोप लागेल.”

पलीकडून हसू येईल म्हणून मी वाट बघितली.

मग एवढंच आलं, “बरं, चाचा.” आणि फोन बंद.

मी परत झोपलो. ते चुकलंच माझं. ते एक, आणि आणखी एक, ते शेवटी सांगतो.

ती परत आत गेली. मीच तुम्हाला विचारतो, तुम्ही गेला असता? इलियासा, तू? तू तर रात्री शौचालयाला जाताना माळ्याच्या कुत्र्याला सोबत नेतोस.

ती गेली. सहाची बोट होती.

दार लावलं. फुस्स.

पट्टी त्या उंचवट्यापर्यंत ठेवली. पुढची कापली. दुसरा जोड. मिनिटभर कोरं. बूबूचं वाक्य. थांबली.

तीन सेकंद.

“ईयो.”

तिसरा जोड. एक मिनिट कोरं. या वेळी उत्तर लवकर येईना. वीस. तीस. बेचाळीस.

“...ईयो.”

तिला कळलं. थांबणं किती, ते तिला ठरवायचंच नव्हतं. कुणीतरी ठरवत होतं. तिचं काम फक्त जागा द्यायचं. आणि कापायचं, उत्तर आल्यावर.

भीती वाटली का, मी विचारलं. म्हणाली, “चाचा, भीती होतीच. पण हातात काम होतं.”

एक वाजला. साठ जोड झाले.

दोन. शंभर.

बूबू ओढ्यांची नावं सांगत होती. तो म्हणत होता. ती कापत होती. बूबू. तो. ती. असे तिघं.

तिनाच्या सुमाराला बूबू बुडालेल्या नावेबद्दल बोलली. कुणाकुणाचे मुलगे होते त्यात, ते. थांबली.

“ईयो.”

या वेळी आवाज ओला होता.

वासिसेवाने डोळे पुसायला हात वर केला. हात कानाला लागला.

कानावर हेडफोन नव्हते.

ते मानेवर घसरले होते. केव्हाचे, कुणास ठाऊक.

आवाज हेडफोनमधून आला नव्हता.

समोरून आला होता.

टेबलापलीकडून.

तिने मान वर केली नाही. पडद्यावरच नजर ठेवली. पडद्याच्या कडेपलीकडे पेट्या दिसायला हव्या होत्या. रचलेल्या पेट्या... त्या खुर्चीवर नव्हत्या.

जमिनीवर होत्या. नीट. एकावर एक.

...

तिने मान वर केली नाही. पुढचा जोड घेतला.

एकशे साठ. एकशे नव्वद. खोलीत ओल्या चटईचा वास. आणि यांगोनाचा. कुणाचा तरी श्वास. सावकाश. म्हाताऱ्या माणसाचा.

दोनशे दहा.

पावणेपाच वाजले.

शेवटचा जोड. शेवटचं वाक्य. बूबू म्हणते, “एवढं माझ्याजवळ होतं. आता कुणाजवळ आहे?”

आणि थांबते. फीत त्या थांबण्यातच संपलेली.

मिनिटभर कोरं.

दहा. वीस. चाळीस.

काही नाही.

आणखी एक मिनिट घातलं.

काही नाही.

आणखी.

...

श्वास चालू होता. समोर. पण उत्तर नाही. चाळीस वर्षं जो म्हणत आला, तो गप्प.

पाच वाजले. पाच वाजून दहा.

“म्हणा ना,” ती म्हणाली. हळूच. मान खालीच.

श्वास.

“तूकाई... म्हणा ना.”

श्वास थांबला. जसा माणूस ऐकायला थांबतो, तसा.

तेव्हा तिला कळलं. प्रश्न त्याला नव्हता. आता कुणाजवळ आहे, हे मेलेल्याने कसं सांगायचं?

तिने मांडीवर हात ठेवले. म्हणाली,

“ईयो, बूबू.”

आणि मग, पोरच ती, रडकुंडीला आलेली, आणखी एक वाक्य बोलली. “पण बोट सहाची आहे.”

...

खुर्ची करकरली. एवढंच. ओझं उठल्यावर करकरते तशी.

खोली पुन्हा नुसती थंड. तिने वर बघितलं. खुर्ची रिकामी. पडद्याच्या कोपऱ्यात एकूण वेळ : दोन तास, पंधरा मिनिटं.

धावत धक्क्यावर गेली, पावसात, स्वेटरसकट. पेनीआसी आजोबा फळीवर पाय ठेवून उभे होते. तिने सीडीची डबी दिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तूही चल.” ती तशीच बोटीत चढली.

रात्री गावात फीत लावली. अडीचशे माणसं. बूबूचं वाक्य, मग थांबणं. तेवढ्या जागा स्वच्छ होत्या, प्रीतिका. एकही उंचवटा नाही, पुरुषाचा आवाज नाही, काही नाही. फक्त शांतता, कुठे एक श्वास, कुठे हंडा भरेल एवढी. पेनीआसी आजोबा डोळे मिटून बसले होते. दर थांब्याला त्यांची मान हलायची. शेवटी म्हणाले, “बरोबर आहे.” आणि रडले. गावाच्या फिती इथेच राहिल्या. वासिसेवा आता त्याच गावच्या शाळेत शिकवते. जाण्यापूर्वी तिने ती दुसरी खुर्ची दुरुस्त करून घेतली, माझ्याकडूनच, आणि बजावलं, हिच्यावर पेट्या ठेवायच्या नाहीत.

काय म्हणतोस, इलियासा? पोरगी जागरणाने भ्रमली? झोपेत स्वतःच पेट्या उतरवल्या? असेल बाबा. मीही तेच म्हणायचो. सगळ्यांना सांगायचो, माझ्या लिफ्टच्या थट्टांनी पोरीचं डोकं फिरलं.

आता माझी दुसरी चूक. मी इथला पुस्तकबांधणीवाला. इसिरेली मास्तरांची त्या दौऱ्याची वही माझ्याकडे शिवायला आली होती. पाठ किड्यांनी खाल्लेली. मी आळशी, आठ महिने ती माझ्या टेबलाखाली पडली होती. खरं सांगतो, डळमळत्या पायाखाली घातली होती. वेळेवर शिवून वर पाठवली असती, तर वासिसेवाने ती वाचली असती, आणि एकही जागा कापली नसती.

फीत गावाला गेली त्यानंतर लाजेने मी ती वही काढली. जुलैमध्ये. शिवता शिवता बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मास्तरांनी फिजी भाषेत लिहिलेलं, मला तेवढं येतं. आठ ऑगस्ट १९८६. घर कसं, चटया किती, कोण कोण बसलं. आत फक्त मेरेसेनी आणि ते स्वतः. ती कहाणी सांगते, थांबते, समोर कुणी नाही, तरी ऐकल्यासारखी मान हलवून पुढे जाते. सगळं लिहिलंय. वही आता तिसऱ्या मजल्यावर आहे, नुकुतांबुआची पेटी, सर्वांत खाली. उद्या उजेडी जा आणि स्वतः बघा. पानाच्या तळाशी, पेन्सिलीने, मी वाचलं तेव्हाच तेहतीस वर्षं जुनं झालेलं अक्षर :

“फीत संपली. यंत्र बंद केलं. मेरेसेनीने शेवटचा प्रश्न विचारला होता, ती अजून थांबलेली. तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून बोलावं तसा एका मुलीचा आवाज आला, ‘ईयो, बूबू. पण बोट सहाची आहे.’ घरात मुलगी नव्हती. घरात टेबलही नव्हतं. मेरेसेनी हसली. मी विचारलं, कुठली बोट? आज तर बोट नाही.”